रुसलेली रायफल

आबासाहेबांनी तुरा रायफलीच्या नळीत खोवला आणि वरून नारळाने ठोकला. थोडा हलतोय असं वाटलं म्हणून पुन्हा ठोकला. मग दोन पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून, आपणच लावलेल्या तुऱ्याकडे ते असे बघत राहिले, जणू गड सर केला होता.

"बोला, जगदंब!" खासनीस वकील ओरडले.

"जगदंब!" सगळे ओरडले.

खंडेनवमीचा दिवस होता. जिल्हा रायफल क्लबाच्या लांबट पत्र्याच्या हॉलमध्ये सगळ्या रायफली भिंतीला टेकवून मांडल्या होत्या. प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट, प्रत्येकीला झेंडूची माळ. मधल्या पाटावर, लाकडी घोडीवर उभी केलेली, सात नंबरची रायफल. तिला मान होता. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या नेमबाजाची रायफल खंडेनवमीला पाटावर बसायची आणि तिच्या नळीत तुरा खोवला जायचा, अशी त्या क्लबाची रीत. सात नंबर माझ्या बायकोच्या हातातली. शालनची.

ती कन्याशाळेत खेळ शिकवायची. माझी पिठाची गिरणी. रविवारी दुपारी गिरणी बंद करून मी सायकलवर तिची सतरंजी बांधायचो आणि तिच्याबरोबर क्लबात जायचो. पालथं पडून ती पन्नास मीटरवरच्या कागदाला नेम धरायची आणि मी मागच्या बाकावर बसून बघायचो. डोक्यावरचं पीठ धुऊन यायचो, तरी कानामागे थोडं राहायचंच. आबासाहेब मला नावाने कधी बोलले नाहीत. मी त्यांना गिरणीवाला.

"काय गिरणीवाले, बायको गोळ्या झाडते आणि तुम्ही दळणं दळता. घरात कोण कोणाला भितं?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. गिऱ्हाइकांशी हसून बोलायची सवय लागलेली.

तुऱ्याविषयी सांगायला हवं. आबासाहेब इंगवल्यांच्या आजोबांना कुठल्याशा दरबारात तो मिळाला होता. चांदीचा मोर. मोर असं ते म्हणायचे म्हणून. मला ती बसलेली कोंबडी वाटायची. पागोट्यात खोवायचा तो दागिना, रायफलीत बसायचा नाही. म्हणून आबासाहेबांनी लोहाराकडून त्याला खाली पोलादी जीभ बसवून घेतली होती, जुन्या कानशीच्या तुकड्याची. पाचरीसारखी. ती नळीच्या तोंडात घालायची आणि नारळाने ठोकायची, म्हणजे मोर ताठ उभा राहतो. मोराचं तोंड नेहमी लोकांकडे, रायफलीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा, तीही लोकांकडे. त्यात फरक झालेला आबासाहेबांना चालत नसे.

मग त्यांचं भाषण. दरवर्षी तेच.

"मान मिळवणं सोपं आहे, पचवणं अवघड. आजवर या पाटावर बसलेली एकही रायफल दुसऱ्या वर्षी जिंकली नाही. का नाही जिंकली? लोक म्हणतात, मानाची रायफल रुसते. मी म्हणतो, रायफल रुसत नाही, माणसाच्या इथं," त्यांनी कपाळावर बोट ठेवलं, "हवा जाते! तोडकर बाई, हवा जाऊ देऊ नका."

"नाही जाऊ देणार," शालन म्हणाली.

स्वतः आबासाहेबांनी आयुष्यात होले आणि चिमण्या सोडून काही मारलेलं नव्हतं. पण अध्यक्ष होते. जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, तेव्हा अध्यक्ष तेच असणार.

दिवाळी झाली आणि शालनच्या गोळ्या फाकायला लागल्या.

आधी तिचे नेम एका नाण्याखाली झाकावेत इतके जवळ बसायचे. आता शिंतोडे उडाल्यासारखे. एक वर, एक डावीकडे, मधेच एखादा बरोबर काळ्यात, की पुन्हा भलतीकडे. ती उठून दुर्बिणीतून बघायची, परत पालथी पडायची. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा केला. मग चहा सोडला. रोज सकाळी हात लांब करून तळहातावर भरलेला तांब्या घेऊन उभी राहायची.

"अहो, जरा बघा हो, हात थरथरतोय का?"

मी वाकून तांब्यातलं पाणी बघायचो. पाणी आरशासारखं.

"नाही."

"खरं सांगा."

"अगं, खोटं सांगून मला काय मिळणार आहे?"

"मग गोळी का फाकते?"

क्लबात मात्र हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. माघात राज्य स्पर्धेसाठी निवडचाचणी होती. आमच्या जिल्ह्याची एकच जागा. शालनचं वय असं होतं की त्या वर्षी नाही तर पुन्हा नाही. शाळेत मुलींना तिने सांगून ठेवलं होतं, मी राज्याला जाणार. दुसरा उमेदवार आबासाहेबांचा भाचा, रणधीर. पुण्याला शिकायला होता, तिथे शिक्षक लावला होता, स्वतःची परदेशी रायफल होती. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो शालनच्या मागे दुसरा आला होता आणि बक्षीस घेताना त्याने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"वय आहे हो," खासनीस म्हणायचे. "बायकांचं चाळिशीला आलं की असं होतंच. आमच्या हिचंही होतं."

"तुमच्या वहिनी कुठली रायफल मारतात?" शालनने विचारलं.

"लाटणं मारते!" आबासाहेब म्हणाले, आणि हॉल हसला.

आपली पाळी येईपर्यंत शालन व्हरांड्यात बसून वाती वळायची. पिशवीत कापूस असायचाच. बोटं गरम राहतात, असं म्हणायची. तेही त्यांना पुरलं.

"वळा बाई, वाती वळा," खासनीस जाता जाता म्हणायचे. "शेवटी तेच कामाला येतं."

एकदा ती एवढंच म्हणाली, "वकीलसाहेब, मला वाटतं रायफलीत काहीतरी आहे. एकदा तपासून घ्याल का कोणाकडून?"

खासनिसांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी खासनिसांकडे पाहिलं. आणि दोघं एकदम म्हणाले, "नाचता येईना!"

"अंगण वाकडं!" मागून कोणीतरी पुरं केलं.

त्या दिवसापासून ती व्हरांड्यात आली की कोणी ना कोणी पायाने जमीन चाचपून बघायचं आणि म्हणायचं, "जरा वाकडंच दिसतंय हो." शिकलेसवरलेले लोक. एक वकील, एक डॉक्टर, एक साखर कारखान्याचा चीफ केमिस्ट. पोरांनी असं केलं असतं तर शालनने कान धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

चाचणीच्या आदल्या रविवारी ती मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली. रायफल मोकळी करून मांडीवर आडवी घेतली होती. हातात नुकतीच वळलेली वात.

"हे बघा. तोंडाला काजळी होती, चिंधी सापडेना, म्हणून वातीने पुसत होते." तिने वात नळीच्या तोंडाच्या कडेवरून गोल फिरवली. अलगद फिरली, आणि खालच्या बाजूला डावीकडे एका जागी अडली. कापसाची तार तिथे चिकटून राहिली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच अडली.

मी बोट लावलं. काही समजलं नाही. माझी बोटं गिरणीच्या दगडाला टाकी लावून लावून जाड झालेली.

"नखाने बघा."

नखाला लागलं. केसाएवढा खड्डा, आणि त्याच्या बाजूला बारीक उठलेला काठ.

"एवढ्याने काय होतंय?" मी विचारलं.

"तांब्याच्या काठाला पोचा आला की धार कशी पडते? सरळ पडते का?"

"नाही. एका अंगाला ओघळते."

"तसंच आहे. गोळी बाहेर पडताना सगळ्यात शेवटी याच काठाला शिवते, क्राऊन म्हणतात याला. तिच्या मागे वाफ असते कोंडलेली. काठ सगळीकडून सारखा असला तर ती चहूबाजूंनी एकदम सुटते. इथे खड्डा आहे, म्हणजे इथून आधी फुटते. गोळीच्या बुडाला एका बाजूने धक्का. मग ती भोवऱ्यासारखी डुगडुगत जाते. नळी आतून आरशासारखी असू दे, नेम धरणारा अर्जुन असू दे. शेवटच्या काठावर बिघडलं की बिघडलं." तिने वातीची काजळी झटकली. "एनसीसीत आम्हाला एक सुभेदार होते. रायफल तोंडावर टेकवली की छडी मारायचे. म्हणायचे, बंदुकीचं डोकं तिच्या तोंडात असतं. तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच खेकसतोय."

"पण खड्डा पडला कशाने?"

ती उठली. हॉलच्या कोपऱ्यात एक जुनं कपाट होतं. त्यात रुसलेल्या रायफली. खरंच तसं म्हणायचे त्यांना. मागच्या मागच्या विजेत्यांच्या, ज्यांच्यावर पुढे कोणाचा नेम लागेना म्हणून होमगार्डना शिकवायला ठेवलेल्या. तिने एकेक बाहेर काढली आणि प्रत्येकीच्या तोंडावरून वात फिरवली. प्रत्येक वेळी वात अडली. खाली, डावीकडे. सगळ्यांना एकाच जागी.

मोराचं तोंड नेहमी लोकांकडे, म्हणजे खालची पोलादी जीभही नेहमी एकाच अंगाने नळीत.

मी काचेच्या कपाटातल्या त्या चांदीच्या कोंबडीकडे पाहिलं. मग शालनकडे पाहिलं. तिने आपला उजवा हात समोर धरला होता आणि त्याच्याकडे बघत होती.

"माझा हात नव्हता हो," ती म्हणाली.

आम्ही लगेच आबासाहेबांकडे गेलो. ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते. शालनने सरळ, शांतपणे सगळं सांगितलं. वात दाखवली, कापसाची तार दाखवली. आबासाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या आजोबांच्या तुऱ्याने तुमच्या गोळ्या फाकतात."

"तुऱ्याने नाही, त्याच्या खालच्या पोलादाने. ते नळीपेक्षा कडक आहे. तुरा रायफलीपुढे पाटावर ठेवा, काही बिघडत नाही. नळीत नको."

"आणि इतकी वर्षं इतकी माणसं पडली, तीही तुऱ्याने?"

"हो."

"हवा गेल्यामुळे नाही."

"हवा गेल्यामुळेच," शालन म्हणाली, "पण ती नळीच्या तोंडातून. आबासाहेब, मला दुसरी रायफल द्या. कपाटातली नको, रांगेतली. कुठलीही द्या."

"रांगेतल्या सगळ्या वाटून झाल्यात. ज्याची त्याची ठरलेली." त्यांनी पेपर पुन्हा उघडला. "बाई, मी तुम्हाला मान दिला. पहिल्यांदा बाईमाणसाला दिला. लोक नको म्हणत होते. आणि तुम्ही त्या मानालाच नावं ठेवता? कापूस घेऊन?"

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, सोडून दे. दगडावर डोकं आपटून काय होणार.

"दगडाला टाकी लावता येते," ती म्हणाली. "यांचं काय करायचं तेच समजत नाही."

चाचणीच्या दिवशी क्लब भरलेला होता. मांडव, खुर्च्या, सरबत. नारळ फोडून सुरुवात करायची म्हणून ताटात नारळ. आबासाहेब फेटा बांधून. रणधीरने आपली रायफल मखमली कापडावर ठेवली होती आणि तिच्या नळीच्या तोंडावर चामड्याची टोपी. ती टोपी मी त्याआधीही पाहिली होती. तेव्हा वाटलं होतं, श्रीमंताची हौस.

आबासाहेब नारळ उचलणार, तेवढ्यात शालन पुढे झाली.

"एक विनंती आहे, आबासाहेब."

"आज अंगण कसं आहे, बाई?" खासनीस म्हणाले. लोक हसले.

"सरळ आहे," शालन म्हणाली. "विनंती अशी, की मान मला मिळाला, तो मला पचला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यात हवा गेली. कबूल. तेव्हा मला वाटतं तो मान माझ्याकडून काढून योग्य माणसाला द्यावा. राज्याला जायचं ते रणधीरनेच जावं. त्यासाठी त्यांच्या रायफलीला तुरा लावावा, चाचणी सुरू होण्याआधी. आपल्या हाताने."

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. लोकांना वाटलं, बाई शहाणी झाली. आबासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडेसुद्धा कौतुकाने पाहिलं. आदल्या रविवारी तिने काय सांगितलं होतं ते त्यांच्या ध्यानातही राहिलं नसावं. भाषण करायची संधी आली की त्यांच्या डोक्यातलं बाकी सगळं जायचं.

"वा! याला म्हणतात खिलाडूपणा. खासनीस, तुरा काढा!"

खासनिसांनी काचेचं कपाट उघडलं. तुरा आला. आबासाहेबांनी उजव्या हातात तुरा घेतला, डाव्या हातात नारळ. रणधीर खुर्चीतून उठला होता.

"मामा, कशाला आत्ता? वेळ होतोय."

"मानाला वेळ नसतो. ती टोपी काढ."

"मामा, नंतर करू ना. जिंकल्यावर."

"अरे, बाई स्वतः म्हणतायत! उभी कर रायफल. वकील, धरा."

खासनिसांनी रायफल उभी धरली, टोपी काढली. आबासाहेबांनी तुऱ्याची पोलादी जीभ नळीच्या तोंडाशी नेली, मोराचं तोंड लोकांकडे वळवून घेतलं, आणि नारळ वर उचलला.

"नको मामा!" रणधीर किंचाळला. त्याने खासनिसांच्या हातातून रायफल हिसकावली आणि पोराला कवटाळावं तशी छातीशी धरली. "क्राऊन जाईल!"

नारळ वरच्या वर राहिला.

"क्राऊन म्हणजे काय?" आबासाहेबांनी विचारलं.

रणधीरला आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं असावं. त्याचे कान लाल झाले.

"सांगा ना, रणधीर," शालन म्हणाली. आवाज जराही चढवला नव्हता. वर्गात मुलीला उत्तर विचारावं तसं. "मामांना सांगा. क्राऊन म्हणजे काय, आणि तुऱ्याने तो कसा जातो. तुम्हाला पुण्याला शिकवलंय ना? केव्हा शिकवलं? खंडेनवमीच्या आधी की नंतर?"

रणधीर रायफलीला टोपी घालायला लागला. टोपी दोनदा निसटली.

मी लोकांकडे बघत होतो. डॉक्टर सरबताच्या पेल्यात बघत होते. केमिस्ट छताकडे. मागे शालनच्या आधीच्या वर्षी जिंकलेला पोलिसांतला एक जमादार बसला होता. त्याची रायफलही त्या कोपऱ्यातल्या कपाटात होती, आणि 'जमादार, दारू सोड' असं त्याला क्लबात वर्षभर ऐकावं लागलं होतं. माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता. आता तरी तो उठेल असं मला वाटलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. साहेबांच्या घरच्या लग्नात बंदोबस्ताला उभं राहायचं असेल पुढे-मागे.

शेवटी आबासाहेबांनी नारळ खाली ठेवला. घसा खाकरला.

"आज मुहूर्त नाही," ते म्हणाले. "मान खंडेनवमीलाच द्यायचा. रीत आहे."

"बरोबर आहे," खासनीस म्हणाले.

"बरोबर, बरोबर," सगळे म्हणाले. खुर्च्या सरकल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. बुडणाऱ्याला काडीचा आधार मिळावा तशी ती रीत सगळ्यांनी घट्ट धरली.

"मग मला दुसरी रायफल द्या," शालन म्हणाली.

"बाई, नियम आहे. वाटप झालंय."

तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग सतरंजीची वळकटी करायला लागली. मी पुढे होऊन टोक धरलं.

"माझं नाव काढा, वकीलसाहेब," ती म्हणाली. "मला जे बघायचं होतं ते बघून झालं."

सायकल हातात धरून आम्ही चालत घरी निघालो. मी वाटभर आबासाहेबांच्या सात पिढ्या काढल्या. गिरणीपाशी आल्यावर शालन म्हणाली, "मुलींना सांगावं लागेल, नाही जात म्हणून."

"काय सांगशील?"

"खरं ते. हात चांगला होता, तोंड फुटलं होतं." आणि ती हसली. डोळे भरले होते, पण हसली.

रणधीर राज्याला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. त्याच्या स्टेशनवरच्या स्वागताला हार कमी पडले नव्हते, एवढं ऐकलं. शालन पुन्हा क्लबात गेली नाही. शाळेतल्या मुलींना घेऊन तिने एअर रायफलचा वर्ग सुरू केला, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. मुलींच्या हातात रायफल द्यायच्या आधी कापूस द्यायची.

म्हातारपणी तिला कंपवात झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही. कपबशी वाजायची. एकदा चहा सांडला, मी पुसत होतो, तर म्हणाली, "आता मात्र अंगण सरळ आहे हो. नाचणारीच गेली." वाती वळणंही बंद झालं. हात चालत होते तेव्हा वळून ठेवलेल्या वातींचा डबा भरलेला होता, तोच पुरवून पुरवून वापरत होतो.

ती गेली, आणि महिन्याभराने क्लबातून निरोप आला. शोकसभा ठेवली आहे, यावं. फोटो हवा आहे, हॉलमध्ये लावायचा आहे. जायचं नाही असंच ठरवलं होतं. मग वाटलं, तिचा फोटो त्या भिंतीवर एकटा कशाला पाठवू. गेलो. समईसाठी तिच्या हातच्या वाती खिशात नेल्या.

आबासाहेब केव्हाच गेले होते. ते भिंतीवर होते, फेट्यासकट. अध्यक्ष रणधीर. पोट सुटलेलं, केस काळे केलेले. मला 'काका' म्हणाला, वाकून नमस्कार केला. टेबलावर शालनचा फोटो, पुढे समई, आणि फोटोच्या शेजारी लाकडी घोडीवर उभी केलेली सात नंबरची रायफल. तिच्या नळीत तुरा.

मी बघतच राहिलो.

"ही आता शोभेची आहे, काका," रणधीर हळूच म्हणाला. "हिच्यातली गोळी उडवणारी पिन काढून टाकलीय. खंडेनवमीला आम्ही तुरा हिलाच लावतो. बाकीच्यांना नाही लावत."

"केव्हापासून?"

"बरीच वर्षं झाली."

"का?"

तो दुसऱ्या कोणाला तरी नमस्कार करायला गेला.

म्हणजे सगळ्यांना समजलेलं होतं. त्यांनी गुपचूप रीत फिरवली, मानाच्या रायफलींचं रुसणं बंद झालं, आणि जिच्यामुळे हे समजलं तिला बोलवायला कोणी आलं नाही. तिची रायफल तेवढी पाटावर बसवली.

मग भाषणं. रणधीर शेवटी बोलला. चांगलं बोलतो.

"तोडकर बाईंसारखा हात या जिल्ह्यात झाला नाही. पण दैव. हा कंपवाताचा आजार, डॉक्टर सांगतात, शरीरात फार आधीपासून असतो. त्या निवडचाचणीच्या वर्षी बाईंच्या गोळ्या फाकायला लागल्या, जुन्यांना आठवत असेल. तेव्हाच आमच्या लक्षात आलं होतं. हात जायला लागला होता. पण आम्ही कोणी बोललो नाही. त्यांच्या मनाला लागेल म्हणून."

लोकांनी माना हलवल्या. एकीने डोळ्यांना पदर लावला.

"काका, दोन शब्द बोलता?"

मी उठलो. बोलायची मला सवय नाही. टेबलापाशी गेलो आणि आधी तुरा धरून ओढला. घट्ट बसला होता. पिळून पिळून काढला. मग खिशातून एक वात घेतली. ती वळली तेव्हा तिचा हात चांगला होता, हे वातीकडे बघून कोणालाही समजलं असतं, सगळीकडून सारखी. नळीच्या तोंडावरून मी ती गोल फिरवली. खाली, डावीकडे अडली. कापसाची तार तिथे लोंबत राहिली. पंख्याच्या वाऱ्याने हलत होती, मागच्या रांगेपर्यंत दिसली असेल.

"बिघडली होती ती ही नळी," मी म्हणालो. "तिचा हात नव्हे. अध्यक्षांना विचारा. यांना तेव्हाही माहीत होतं."

एवढं बोलून फोटोकडे वळलो. मागे रणधीर म्हणत होता, काकांना फार धक्का बसलाय, आपण दोन मिनिटं उभं राहू या. सगळे माना खाली घालून उभे राहिले. यांना उभं राहणं जमतं. फोटो मी काखेत घेतला आणि त्यांच्या मधून बाहेर आलो.

रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, तुरा हातातच राहिलाय.

गिरणीचं दार वाऱ्याने आपटायचं. त्याखाली पाचर म्हणून तो ठोकलाय. कानशीचं पोलाद आहे, पक्कं बसतं. चांदीचा मोर पिठाने पांढरा झालाय, दळण टाकायला येणाऱ्या बायका विचारतात, ही कोंबडी कुठून आणली. मागायला मात्र क्लबातून अजून कोणी आलेलं नाही. मागायचा तर कशासाठी हवा ते माझ्या तोंडावर सांगावं लागेल.

संध्याकाळी दार लावून घरी येतो आणि देवापुढे दिवा लावतो. वातींच्या डब्याचा तळ आता दिसायला लागलाय.